संसदीय पक्षाचं काम : गटनेत्याच्या पत्रापासून तीन ओळींच्या पक्षादेशापर्यंत

गुलाल धुऊन निघायच्या आत दिल्लीचं तिकीट काढावं लागतं. नवा खासदार, त्याच्याबरोबर मतदारसंघातून आलेला स्वीय सहायक आणि पक्षाच्या संसदीय कार्यालयात नुकताच रुजू झालेला कर्मचारी, या तिघांनाही पहिल्या महिन्यात एकच प्रश्न छळतो : सभागृहात पक्ष नेमका चालवतं कोण? जिल्हा परिषदेतला गटनेता पाहिलेला असतो, विधानभवनातला प्रतोद, म्हणजे सदस्यांना मतदानाला हजर ठेवणारा पक्षाचा माणूसही माहीत असतो, त्यामुळे शब्द ओळखीचे वाटतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

हा लेख भारताच्या संसदेपुरता आहे. मुख्यतः लोकसभा डोळ्यांसमोर ठेवली आहे; राज्यसभेत फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. संसदीय पक्षाची खरी ताकद दोन ठिकाणी दिसते : सभागृहाच्या सचिवालयाच्या आवक नोंदवहीत आणि मतविभाजनाच्या, म्हणजे मतं मोजली जातात तेव्हाच्या, फलकावर. भाषणं मधल्या वेळात होतात.

आधी चार शब्द वेगळे करून घ्या

राजकीय पक्ष म्हणजे निवडणूक आयोगाकडे नोंदलेली, अध्यक्ष आणि कार्यकारिणी असलेली बाहेरची संघटना. संसदीय पक्ष म्हणजे त्या पक्षाच्या खासदारांचा सभागृहातला गट. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, भाषेत विधिमंडळ पक्ष. काही पक्षांत संसदीय मंडळ नावाची तिसरीच समिती असते. भाजपचं संसदीय मंडळ हे संघटनेतलं निर्णय घेणारं मंडळ आहे, सभागृहातल्या खासदारांचा गट नव्हे. नव्या माणसाकडून एकाचं पत्र दुसऱ्याच्या नावाने जातं ते याच नामसाधर्म्यामुळे. चौथा शब्द आघाडी. रालोआ (राष्ट्रीय लोकशाही आघाडी) असो वा इंडिया आघाडी, दहाव्या अनुसूचीच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. आघाडीचा नेता निवडला जातो, आघाडीच्या बैठका होतात, पण पक्षादेश (व्हिप), म्हणजे हजेरीचा आणि मतदानाचा लेखी हुकूम, मात्र प्रत्येक घटकपक्षाने आपापल्या खासदारांना स्वतंत्र काढायचा असतो. मोठ्या भावाने व्हिप काढला म्हणून धाकट्याचे खासदार बांधले जात नाहीत.

१. आपलं बळ मोजा आणि त्यावर काय मिळतं ते पाहा

लोकसभेच्या जागा ५४३, राज्यसभेच्या २४५. सभागृहाची गणसंख्या (कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी) एकदशांश, म्हणजे लोकसभेत ५५ आणि राज्यसभेत २५. संसदेतले बरेच उंबरठे याच आकड्याभोवती फिरतात. लोकसभाध्यक्षांच्या निर्देशांनुसार संसदीय पक्ष म्हणून मान्यता मिळायला गणसंख्येइतकं बळ लागतं; शिवाय निवडणुकीच्या वेळी जाहीर केलेला स्वतंत्र कार्यक्रम आणि सभागृहाच्या आत-बाहेर संघटना असावी लागते. पक्षनेते आणि मुख्य प्रतोद यांच्या सुविधांबाबत १९९८चा वेगळा कायदा आहे. त्यात लोकसभेतले ५५ किंवा अधिक सदस्य म्हणजे मान्यताप्राप्त पक्ष, ३० ते ५४ म्हणजे मान्यताप्राप्त गट. राज्यसभेत हेच आकडे २५ आणि १५ ते २४ असे आहेत. या वर्गात बसलात तर नेत्याला आणि मुख्य प्रतोदाला दूरध्वनी व सचिवसाहाय्य मिळतं.

२०२४च्या निकालावर ही मोजपट्टी लावून पाहा. समाजवादी पक्ष ३७ जागांसह गटात बसतो, तृणमूल काँग्रेस २९वर एका जागेने हुकते. महाराष्ट्रातून काँग्रेसचे १३, भाजपचे ९, शिवसेना (उबाठा) ९, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) ८, शिवसेना ७, राष्ट्रवादी १ आणि अपक्ष १ असे ४८ जण गेले. म्हणजे राज्यातल्या चारही प्रादेशिक पक्षांना या कायद्याचा उपयोग नाही. त्यांना खोली, बसायची जागा, बोलायचा वेळ, सगळं अध्यक्षांच्या विवेकावर आणि गटनेत्याच्या संबंधांवर मिळवावं लागतं.

विरोधी पक्षनेतेपदाचा हिशेब वेगळा आहे. १९७७च्या कायद्यात विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता एवढंच म्हटलंय. एकदशांशाची अट त्या कायद्यात नाही, ती प्रथेने लावली जाते. म्हणून २०१४मध्ये ४४ आणि २०१९मध्ये ५२ जागा मिळवणाऱ्या काँग्रेसचा लोकसभेत गटनेता होता, पण विरोधी पक्षनेता नव्हता. २०२४मध्ये ९९ जागा आल्यावर राहुल गांधींना ते पद मिळालं. पत्राच्या मायन्यात ‘गटनेते’ आणि ‘विरोधी पक्षनेते’ यांची अदलाबदल करू नका. एक पद पक्ष देतो, दुसऱ्याला अध्यक्षांची मान्यता लागते.

२. शपथेआधीचा कागद चुकवू नका

लोकसभेचे पक्षांतरामुळे येणाऱ्या अपात्रतेबाबतचे १९८५चे नियम आहेत. त्यातला नमुना ३ प्रत्येक सदस्याने शपथ घेण्याआधी निवडणूक प्रमाणपत्रासह लोकसभेच्या महासचिवांकडे द्यायचा असतो. त्यात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, कायमचा पत्ता, दिल्लीतला पत्ता, निवडून आल्याची तारीख आणि पक्ष विचारला जातो. पक्षाचा रकाना दोनदा येतो : निवडून आलेल्या दिवशी कोणत्या पक्षाचे होतात आणि सही करताना कोणत्या पक्षाचे आहात. पुढे वाद झाला तर वकील पहिल्यांदा हाच कागद मागतात.

अपक्षांनी तर हा कागद डोळ्यांत तेल घालून भरावा. निवडून आल्यावर अपक्षाने कोणत्याही पक्षात प्रवेश केला की तो अपात्र ठरू शकतो. पाठिंब्याचं पत्र देणं आणि पक्षप्रवेश यांत फरक आहे, तो फरक पत्राच्या शब्दांत दिसला पाहिजे. ‘मी पक्षात सामील होत आहे’ असं उत्साहाच्या भरात लिहून बसू नका. राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांना सहा महिन्यांची मुभा असते, अपक्षांना एका दिवसाचीही नाही.

३. नेता कसा निवडतात

राज्यघटनेत याची कृती लिहिलेली नाही. पक्षाची स्वतःची घटना आणि असल्यास संसदीय पक्षाचे वेगळे नियम, यांवर सगळं चालतं. काँग्रेस संसदीय पक्षात दोन्ही सभागृहांतले खासदार एकत्र येऊन संसदीय पक्षाचा अध्यक्ष निवडतात आणि सभागृहातले नेते तो अध्यक्ष नेमतो. म्हणूनच १९९८मध्ये सोनिया गांधी खासदार नसतानाही संसदीय पक्षाच्या अध्यक्षा होऊ शकल्या, तर लोकसभेतलं नेतृत्व शरद पवारांकडे होतं. ८ जून २०२४ रोजी सोनिया गांधींची फेरनिवड झाली ती जुन्या संसद भवनातल्या सेंट्रल हॉलमध्ये. आदल्याच दिवशी, ७ जूनला, त्याच सभागृहात रालोआच्या खासदारांनी नरेंद्र मोदींची नेतेपदी निवड केली होती. सत्ताधारी पक्षाचा नेता पंतप्रधान झाला की लोकसभेचा सभागृह नेताही सहसा तोच. राज्यसभेत मात्र पंतप्रधान एखाद्या मंत्र्याला नेमतात.

बैठकीत पाळायचा क्रम साधा आहे. लेखी सूचना, हजेरीपत्रक, सूचक-अनुमोदकांची नावं, ठराव, उपस्थितांच्या सह्या. हात वर करून एकमत झालं तरी सह्या घ्याच. टाळ्यांची नोंद कोणत्याही न्यायालयात चालत नाही.

ठरावात एक वाक्य हमखास राहून जातं : नेत्याला उपनेते आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार दिला आहे का, आणि तो अधिकार राजकीय पक्षाकडून आला आहे का. या वाक्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. शिवसेना फुटीच्या ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नाही. केवळ विधिमंडळ गटाच्या ठरावावर विधानसभाध्यक्षांनी भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरवली. निकाल विधानसभेचा असला तरी दहावी अनुसूची संसदेला आणि विधिमंडळाला सारखीच लागू आहे. तेव्हा पक्षाध्यक्षांच्या किंवा पक्षघटनेने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीचं नेमणूकपत्र फाइलमध्ये हवंच. संसदीय पक्षाचा ठराव त्याच्या जोडीला लावा, त्याच्या जागी नको.

४. पहिले तीस दिवस : काय द्यायचं आणि कुठे

सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून तीस दिवसांत गटनेत्याने लोकसभाध्यक्षांना काही कागद द्यायचे असतात. गट नंतर स्थापन झाला, तर स्थापनेपासून तीस दिवस. एकच सदस्य असलेल्या पक्षाला ही पूर्ण यादी लागू नाही, त्या सदस्याने पक्षघटनेची प्रत मात्र तीस दिवसांत द्यायची असते. यादी अशी :

- नमुना १ : गटातल्या सर्व सदस्यांची नावं आणि तपशील
- अध्यक्षांशी पत्रव्यवहार करायला अधिकृत केलेल्या सदस्यांची नावं आणि पदं
- राजकीय पक्षाच्या घटनेची प्रत
- संसदीय पक्षाचे वेगळे नियम असतील तर त्यांचीही प्रत
- सोबत ठेवायचे, नियमात नसले तरी उपयोगी : नेता-निवडीचा ठराव, पक्षाध्यक्षांचं नेमणूकपत्र, प्रतोदाच्या सहीचा नमुना

यात काही बदल झाला तर तोही तीस दिवसांत कळवायचा. पोटनिवडणुकीत एक सदस्य वाढला आणि नमुना १ तसाच राहिला, हे सर्रास होतं.

पक्षघटनेची कोणती प्रत द्यायची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शिवसेना प्रकरणात १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी २०१८ची सुधारित पक्षघटना निवडणूक आयोगाच्या अभिलेखात नाही म्हणून १९९९ची घटना ग्राह्य धरली. पक्षांतर्गत दुरुस्ती झाली की ती आधी आयोगाकडे, मग सचिवालयाकडे, आणि दोन्हीकडची पोच एकाच फाइलमध्ये.

हे कागद दिले नाहीत म्हणून समोरच्याची बाजू आपोआप बळकट होते असं मात्र समजू नका. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नियम कार्यपद्धतीचे आहेत, त्यांचा भंग ही प्रक्रियेतली त्रुटी ठरते, असं म्हटलं. तरीही कागद वेळेत द्या. वाद होतो तेव्हा पोच असलेला माणूस निवांत झोपतो.

५. प्रतोदांची उतरंड बसवा

प्रतोद हा शब्द माणसासाठी, व्हिप किंवा पक्षादेश हा शब्द कागदासाठी. बातम्यांत दोन्ही सरमिसळ होतात, कार्यालयात करू नका. सरकारचे मुख्य प्रतोद हे संसदीय कामकाज मंत्री असतात; शिवाय सत्ताधारी पक्षाचे स्वतःचे प्रतोद वेगळे. विरोधी पक्षांत मुख्य प्रतोद आणि त्यांच्या हाताखाली दोन-तीन प्रतोद. काँग्रेसने २०२४मध्ये लोकसभेत उपनेते म्हणून गौरव गोगोई, मुख्य प्रतोद म्हणून के. सुरेश आणि प्रतोद म्हणून मणिकम टागोर व मोहम्मद जावेद यांना नेमलं. ही मांडणी बहुतेक मोठ्या पक्षांत थोड्याफार फरकाने दिसते.

मोठ्या पक्षात राज्यवार वाटणी करा, वीस-पंचवीस खासदारांमागे एक माणूस. त्या माणसाला खासदाराचा दिल्लीतला पत्ता, मतदारसंघातला चालू क्रमांक, स्वीय सहायकाचा क्रमांक आणि गाव ते विमानतळ किती तास लागतात एवढं तोंडपाठ पाहिजे. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठायलाच अर्धा दिवस जातो. संध्याकाळी निरोप देऊन सकाळी अकराला तो सभागृहात दिसणार नाही. छोट्या पक्षात गटनेता आणि प्रतोद एकच असला तर चालतं, पण मग आजारपणासाठी दुसरं अधिकृत नाव सचिवालयात दिलेलं असू द्या.

या पदाला मान कमी आणि शिव्या जास्त. तरीही अध्यक्षांच्या दालनापासून उपाहारगृहापर्यंत सगळीकडे ज्याला दार उघडतं असा पक्षातला माणूस बहुधा प्रतोदच असतो. राज्याराज्यांतल्या प्रतोदांची अखिल भारतीय परिषद १९५२ साली इंदूरला पहिल्यांदा भरली, इतकी ही कला जुनी मानली गेली आहे.

६. वेळ आणि समित्या : बळाचं रूपांतर मिनिटांत

कोणत्या विधेयकाला किती तास, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. लोकसभेत अध्यक्षांसह पंधरा जण, राज्यसभेत अकरा. पुढे तो वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो. आठ तासांची चर्चा धरा : ४८० मिनिटं भागिले ५४३, म्हणजे सदस्यामागे सुमारे ५३ सेकंद. नऊ खासदारांच्या पक्षाला जेमतेम आठ मिनिटं, नव्याण्णवांच्या पक्षाला साधारण ८७ मिनिटं. मंत्र्याच्या उत्तराचा वेळ आणि गोंधळात गेलेला वेळ हिशेब आणखी बिघडवतो.

इथे नव्या कार्यालयांची हमखास चूक होते. आठ मिनिटं दोन वक्त्यांत चार-चार अशी वाटतात. पहिला सहा घेतो, दुसऱ्याचा माईक दोन मिनिटांत बंद होतो, आणि मग दोघंही प्रतोदावर रागावतात. लहान गटाने एका चर्चेला एकच वक्ता द्यावा आणि पुढच्या चर्चेला दुसरा. वक्त्यांची नावं चर्चा सुरू होण्याआधी प्रतोदाच्या सहीने अध्यक्षांच्या मंचाकडे गेली पाहिजेत. क्रमही त्यावर असू द्या.

विभागांशी संबंधित स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य : लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. नावं पक्षाकडून मागवली जातात. मुदत वर्षाची, त्यामुळे ही कसरत दरवर्षी. खासदारांकडून तीन पसंती लेखी घ्या, त्यांच्या मतदारसंघाशी ताडून पाहा आणि यादी एका हाताने पाठवा. गटनेत्याने एक यादी आणि प्रतोदाने दुसरी पाठवली की सचिवालय दोन्ही बाजूला ठेवून स्पष्टीकरण मागतं. लोकलेखा समितीत २२ जण असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. १९६७पासून तिचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची प्रथा आहे, म्हणून त्या एका नावासाठी विरोधी पक्षांत बरीच खलबतं होतात.

७. अधिवेशनातला एक दिवस

आदल्या रात्री कार्यसूची आली की तीवर लाल पेन फिरवा : आपल्या खासदारांचे प्रश्न कोणते, विधेयक कोणत्या टप्प्यावर, मतविभाजनाची शक्यता कुठे. सकाळी दहाच्या आसपास विरोधी पक्षांच्या गटनेत्यांची एकत्र बैठक होते, तिथून ठरलेली भूमिका अकराच्या आत प्रत्येक खासदाराच्या फोनवर गेली पाहिजे.

लोकसभेत अकराला प्रश्नोत्तराचा तास, बाराला शून्य प्रहर. राज्यसभेत उलटं : अकराला कागदपत्रं आणि शून्य प्रहर, प्रश्नोत्तरं बाराला. दोन्ही सभागृहांचं काम पाहणारा नवखा माणूस इथे एकदा तरी गोत्यात येतोच. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी लागते, म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर ‘पहिल्या आठवड्यातला प्रश्न’ देता येत नाही. तो आधीच गेलेला असावा लागतो. अविश्वास ठरावासाठी ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि तो सभागृहात जागेवर उभं राहून दाखवायचा असतो. पत्रावरच्या सह्या पुरत नाहीत.

हजेरीकडे दुर्लक्ष नको. सदस्य परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिक्त जाहीर करू शकतं. आजारी खासदाराचा रजेचा अर्ज वेळेत पाठवणं हे पक्ष कार्यालयाचं काम आहे.

८. पक्षादेश लिहायचा कसा, पोहोचवायचा कसा

पक्षादेशाच्या मजकुराखाली खरोखर ओळी मारलेल्या असतात. एक ओळ म्हणजे मतदान आहे एवढी सूचना. दोन ओळी म्हणजे हजर राहा. तीन ओळी म्हणजे हजर राहा आणि पक्षाच्या भूमिकेनुसारच मत द्या. अपात्रतेची भीती तिसऱ्यालाच असते, म्हणून प्रत्येक विधेयकाला तीन ओळी काढण्याचा मोह होतो. आवरा. कायद्यात बसतं, पण दर आठवड्याला तीन ओळी आल्या की खासदार त्या वाचतच नाहीत, आणि खऱ्या दिवशी कुणी गावी असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२च्या किहोतो होल्लोहान निकालात दहावी अनुसूची वैध ठरवताना दोन गोष्टी सांगितल्या. अपात्रतेची तलवार विश्वासदर्शक मतदान किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाशी निगडित विषयांपुरतीच असावी. आणि आदेश मोडल्यास अपात्रता ओढवू शकते, हे आदेशातच स्पष्ट दिसावं. त्यामुळे मसुद्यात पाच गोष्टी हव्यात : सभागृह, तारीख आणि वेळेची चौकट, विषयाचं पूर्ण नाव, मताची दिशा, परिणामाचा इशारा.

‘पक्षाच्या भूमिकेला पाठिंबा द्यावा’ एवढंच लिहिलेले आदेश दर अधिवेशनात निघतात. भूमिका कोणती, हे लिहिलेलं नसतं. सदस्य उद्या म्हणेल, मला माहीत नव्हतं. नमुना असा ठेवा :

‘लोकसभेतील पक्षाच्या सर्व सदस्यांस. मंगळवार दि. … रोजी … विधेयक विचारार्थ व मंजुरीसाठी येत आहे. सर्व सदस्यांनी सकाळी ११ पासून सभागृह तहकूब होईपर्यंत उपस्थित राहावे, विचारार्थ प्रस्ताव, सर्व कलमे, दुरुस्त्या आणि अंतिम मंजुरी या प्रत्येक टप्प्यावर विधेयकाच्या बाजूने आणि पक्षाने न मांडलेल्या प्रत्येक दुरुस्तीच्या विरोधात मतदान करावे. अनुपस्थिती वा तटस्थता या आदेशाचा भंग समजण्यात येईल आणि दहाव्या अनुसूचीतील परिच्छेद २(१)(ख) नुसार अपात्रतेची कारवाई होऊ शकेल. मुख्य प्रतोद.’

दुरुस्त्यांचा उल्लेख लांबलचक वाटतो, तो गाळू नका. ३१ जुलै २०१७ला राज्यसभेत इतर मागासवर्ग आयोगाचं घटनादुरुस्ती विधेयक आलं. सत्ताधारी बाकांवर माणसं कमी होती. विरोधकांची दुरुस्ती ७४ विरुद्ध ५२ने मंजूर झाली आणि सरकारला ते कलम वगळून विधेयक पुढे न्यावं लागलं. मुख्य मतदान जिंकायला सगळे येतात, कलमवार मतदानाला कंटाळतात.

पोहोचवण्याच्या पद्धती एकाहून जास्त वापरा : बैठकीत सही घेणं, निवासस्थानी प्रत देऊन पोच घेणं, ईमेल, व्हॉट्सअॅप. घर बंद असेल तर दारावर चिकटवून तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा. ‘ग्रुपवर टाकलंय’ हा पुरावा कच्चा आहे. व्यक्तिगत संदेश आणि त्याची वेळ दिसणारी प्रत ठेवा.

आणि पक्षादेश कुठे चालत नाही? राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत. तिथे गुप्त मतदान असतं, आदेश काढता येत नाही. पक्षाने आवाहन करावं, तीन ओळी मारू नयेत.

९. मतविभाजनाच्या साडेतीन मिनिटांत

आवाजी मतदानाला कुणी हरकत घेतली की लॉबी रिकाम्या होतात आणि साडेतीन मिनिटं घंटा वाजते. त्या वेळात ग्रंथालयातला, कँटीनमधला प्रत्येक सदस्य आपल्या जागेवर यायला हवा. दारं बंद झाल्यावर बाहेर राहिलेला खासदार हा गैरहजर खासदार. प्रतोदाने दारापाशी उभं राहून डोकी मोजायची, कागदावर टिचक्या मारत.

जागा नेमून दिलेली असते आणि मतदानाचा क्रमांक त्या जागेचा असतो. दुसऱ्याच्या जागेवर बसून गप्पा मारणाऱ्याचं मत दुसऱ्याच्या नावावर जातं. हिरवं बटण बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. चूक झाली किंवा यंत्राने नोंद घेतली नाही तर चिठ्ठी मागून घ्यायची, निकाल जाहीर होण्याआधी.

चिठ्ठ्यांना कमी लेखू नका. १७ डिसेंबर २०२४ला एकाच वेळी निवडणुकांचं विधेयक मांडण्यावर नव्या सभागृहात पहिल्यांदा यंत्राने मतदान झालं. फलकावर २२० विरुद्ध १४९ आलं. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. जवळजवळ शंभर मतं कागदावरून आली. विधेयक मांडायला साधं बहुमत पुरतं. मंजुरीच्या वेळी घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोनतृतीयांश, दोन्ही लागतं. तिथे तटस्थ राहिलेला माणूसही आकड्यात खड्डा पाडतो.

एका मताने काय होतं हे १७ एप्रिल १९९९ला दिसलं. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०ने पडलं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी त्या दिवशी पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने त्यांना काढलं. सरकार मात्र परत आलं नाही. आदेश मोडल्यावरची शिक्षा नंतरची असते, म्हणून प्रतोदाचं खरं काम आदल्या रात्रीच्या फोनांत असतं : कोण गप्प आहे, कोण बैठकीला आला नाही, कुणाचं काम अडलंय.

१०. आदेश मोडला तर

तारखा पक्क्या लक्षात ठेवा. मतदानाच्या दिवसापासून १५ दिवसांत पक्ष सदस्याला माफ करू शकतो. माफ केलं की अपात्रता टळते. माफ केलं किंवा नाही, हे १५ दिवस उलटल्यावर लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत मतदानापासून ३० दिवसांत नमुना २मध्ये गटनेत्याने अध्यक्षांना कळवायचं. आधी परवानगी घेऊन गैरहजर राहिलेल्याला हे लागू नाही. म्हणून परवानगी नेहमी लेखी. नियमांत तटस्थतेचा अर्थही दिलाय : मत देऊ शकत असताना आपणहून न देणं. रुग्णालयात असलेला सदस्य त्यात येत नाही, पण दाखला त्याच तारखेचा हवा.

अपात्रतेची याचिका सदस्याने द्यायची असते. ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पद्धतीने सत्यापित केलेली (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहिलेली) असावी, जोडपत्रांसकट. सत्यापन राहिलं म्हणून याचिका सुरुवातीलाच अडते, हा सगळ्यांत स्वस्तातला आणि सगळ्यांत चीड आणणारा पराभव. निर्णय अध्यक्षांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असं म्हटलं. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो, तेव्हा कार्यालयातली फाइल लवकर बंद करू नका.

आदेशाविरुद्ध मत न देताही सदस्यत्व जाऊ शकतं. रवी नाईक प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की ‘स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडणं’ म्हणजे केवळ राजीनामा नव्हे. वागण्यावरूनही ते ठरू शकतं. अशा याचिकेत बातमीचं कात्रण एकटं पुरत नाही. तारीखवार घटनाक्रम, पत्रं आणि चित्रफितींचा स्रोत लागतो.

फूट पडली तर एकतृतीयांशाचा जुना हिशेब विसरा. १९८५च्या मूळ अनुसूचीत एकतृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर अपात्रता टळायची, ९१व्या घटनादुरुस्तीने ती सवलत गेली. आता उरला तो विलीनीकरणाचा परिच्छेद, त्यात दोनतृतीयांश सदस्य लागतात. जून २०१९मध्ये तेलुगू देसमच्या राज्यसभेतल्या सहापैकी चार जणांनी भाजपमध्ये विलीनीकरण केलं, ते या आकड्यावर. जुलै २०२२मध्ये शिवसेनेच्या लोकसभेतल्या १९पैकी १२ खासदारांनी वेगळी वाट धरली तेव्हा प्रश्न विलीनीकरणाचा न येता गटनेता आणि प्रतोद कोणाचा, असा आला. अध्यक्षांनी राहुल शेवाळे यांना गटनेते आणि भावना गवळी यांना मुख्य प्रतोद म्हणून मान्यता दिली. त्याआधी काही दिवसच पक्षनेतृत्वाने गवळींच्या जागी राजन विचारे यांचं नाव दिलं होतं. दोन्ही बाजूंची पत्रं सचिवालयात होती.

अशा आठवड्यात कार्यालयातल्या माणसाने करायचं काम एकच. प्रत्येक पत्राची सही झालेली प्रत, आवक शिक्का, तारीख आणि वेळ. शिक्क्यावर वेळ नसेल तर पोच देणाऱ्याकडून पेनाने लिहून घ्या.